चेन उतरली की बाई थांबते

बचत गटांना मिळणाऱ्या प्रशिक्षणांची यादी कुणीही काढून पाहावी. पापड, लोणची, मसाले, शिवणकाम, ब्युटी पार्लर, अलीकडे केक. योजना बदलतात, खात्यांची नावं बदलतात, यादी तीच राहते. घरात बाई जे करतेच, तेच थोडं वाढवून बाजारात मांडायचं, एवढीच त्यामागची कल्पना. आणि ज्या अंगणात हे प्रशिक्षण चालतं, त्याच अंगणाच्या कोपऱ्यात एक मोटरसायकल उभी असते. बैठकीला आलेल्या बाया तिच्या सीटवर पिशव्या ठेवतात, मुलं टाकीवर चढून बसतात. पण ती गाडी शिकण्याचा विषय होऊ शकते, असं प्रशिक्षण घेणाऱ्यांना वाटत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्या संघटनांनाही वाटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या प्रत्येक महिला संघटनेनं आपल्या कार्यकर्त्यांना आणि गटातल्या मुलींना मोटरसायकलची चेन आणि स्प्रॉकेट तपासायला, ताणायला, तेल द्यायला शिकवलं पाहिजे. नुसती गाडी चालवायला शिकवणं पुरेसं नाही. हिंसा, जमिनीचे हक्क, रेशन असे प्रश्न समोर असताना चेनचं काय घेऊन बसलात, असं काहींना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

आधी चेनच का, ते सांगते. पंक्चर काढणारा आता बऱ्याच फाट्यांवर असतो. इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. चेन मात्र रोज थोडी थोडी झिजते, धूळ खाते, पावसात गंजते, आणि दुर्लक्ष झालं की नेमकी दोन गावांच्या मध्ये उतरते. 1985 साली आलेल्या हिरो होंडाच्या सीडी 100 या गाडीची जाहिरात अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आपल्याकडच्या पुरुषांनी ती फारच मनावर घेतली. पेट्रोल आठवतं, चेन आठवत नाही.

आता ही चेन बाईच्या आयुष्याला कुठे अडकते ते पाहू. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या सीआरपी, कृषी सखी, बँक सखी या सगळ्या जणी रोज गावं फिरतात. एसटीची फेरी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असेल तर मधल्या वेळेत त्यांना घरची गाडी लागते. कुणी स्वतः चालवते, कुणाला मुलगा किंवा नवरा सोडायला येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरची ठिकाणं या तिन्हींकडे एकटीनं जाण्याची मुभा असलेल्या स्त्रिया देशात 42 टक्के निघाल्या. त्याआधीच्या फेरीत (2015-16) 41 टक्के होत्या. पण परवानगी मिळाली तरी जायचं कशावर, हा प्रश्न त्या आकड्यात येत नाही.

समुपदेशनाच्या कामात मला एक वाक्य फार वेळा ऐकू येतं, "गाडी बिघडली होती, म्हणून तारखेला येता आलं नाही." सुरुवातीला हे वाक्य नोंदवहीत तसंच उतरवलं जातं. मग चार-पाच वेळा तीच गाडी नेमकी तारखेच्या दिवशी बिघडते तेव्हा आपण विचारू लागतो. एका बाईचा नवरा तिला गाडी न देण्यासाठी दर वेळी चेनचं कारण सांगे. चेन आवाज करते, मध्येच तुटेल, पडशील. तिला खरं-खोटं ठरवता येत नव्हतं. चेन खरोखर आवाज करत होती. पण तिला दोन थेंब तेल हवं होतं की ती तुटायला आली होती, हे त्या घरात फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला ते सांगायचं नव्हतं.

दुसरी एक विधवा मैत्रीण. नवऱ्यामागे दोन मुलं, कर्ज आणि शंभर सीसीची मोटरसायकल राहिली. गाडी शिकली, दूध डेअरीला घालू लागली. चेन कटकट वाजू लागली तशी दिरानं "दुरुस्त करून आणतो" म्हणून गाडी नेली. महिना झाला, दोन महिने झाले, गाडी त्याच्याच दारात. मागायला गेलं की "अजून काम बाकी आहे." ती अखेर परत मिळाली, पण त्यासाठी गावातल्या चार माणसांना मध्ये घालावं लागलं. (अशा वेळी गाडीचे कागदही लगेच पाहावेत. नोंदणी मृत नवऱ्याच्या नावावर असेल तर वारसानं 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सातबारा पाहायला आपण शिकलो, आरसी बुक पाहायलाही शिकू.)

म्हणजे दुरुस्तीचं ज्ञान ज्याच्याकडे, गाडीचा ताबा त्याच्याकडे. मालकी कागदावर कुणाचीही असो.

आता प्रत्यक्ष चेनकडे येऊ. इंजिनाजवळ एक लहान दातेरी चाक असतं, मागच्या चाकाला एक मोठं. या दातेरी चाकांना स्प्रॉकेट म्हणतात. छोट्याला साधारण 14 आणि मोठ्याला त्याच्या तिपटीच्या आसपास दात. दोघांवरून चेन फिरते. चेन "वाढली", "ताणली" असं आपण म्हणतो, पण लोखंडाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेनमध्ये शंभरेक सांधे असतात. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून केसाइतकी झिजते. शंभर सांध्यांची ती झीज एकत्र झाली की चेन लांब होते आणि लोंबू लागते.

तपासायचं कसं? गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, बांगड्या शक्यतो उतरवायच्या. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. यात बोट तुटतं, क्षणात तुटतं. ही एक गोष्ट शिबिरात तीनदा सांगावी. चाक हातानंच फिरवायचं.

खालच्या बाजूची चेन मधोमध बोटानं वर-खाली करून पाहायची. बहुतेक लहान मोटरसायकलींना एकूण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल चालते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो, तोच धरावा. चेन पूर्ण झाकलेली असेल तर झाकणावर रबरी बूच असतं, ते काढून बोट घालता येतं. एकाच जागी पाहून थांबू नये. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी पाहावं. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन एकसारखी झिजलेली नाही, तिचे दिवस भरत आले आहेत. तेल देताना एखादा सांधा वाकूनच राहतो, सरळ होत नाही, तेही तिथेच दिसतं.

झीज मोजण्याची रीत मला फार आवडते, कारण त्यासाठी गॅरेज लागत नाही. या लहान गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर नवी असताना बरोबर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असतं. तेव्हा चेन ताणून धरून एकवीस पिना मोजायच्या. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं माप दहा इंच, 25.4 सेंटिमीटर. मुलांच्या कंपासपेटीतली नव्हे, तीस सेंटिमीटरची पट्टी घ्यावी. हेच माप 25.9 च्या आसपास गेलं, म्हणजे पाच मिलिमीटर वाढलं, की चेन संपली समजावी. शिवणवर्गात पाव इंचाचा फरक डोळ्यांनी ओळखणाऱ्या बाईला हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये.

स्प्रॉकेटचे दात पाहावेत. धड दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात एका अंगाला झुकतो, विळ्याच्या टोकासारखा होतो. मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढावी. ती दातांवरून उचलली जाऊन अर्धा दात उघडा दिसू लागला तर चेन आणि स्प्रॉकेट एकमेकांना सोडू लागले आहेत. अशा वेळी फक्त चेन बदलू नये. जुन्या विळ्यासारख्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर झिजते. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा संचच बदलायचा.

आवाजांचाही अर्थ असतो. गाडी सोडताना खड्ड्यात कटकट वाजते, चेन कव्हरवर आपटते, तर ती सैल आहे. सुकी चेन किरकिरते, खरखरते, लाल गंज दिसतो. गिअर टाकून निघताना मोठा झटका बसतो तेव्हा सगळे जण चेनला दोष देतात, पण कित्येकदा मागच्या स्प्रॉकेटच्या आत बसवलेली रबरं झिजलेली असतात. चेन बरोबर असूनही झटका येत असेल तर गॅरेजवाल्याला रबरं पाहा म्हणावं. एवढं वाक्य बोलता आलं तरी त्याचा सूर बदलतो.

चेन ताणताना मागच्या चाकाच्या आसाचा नट ढिला करायचा. बऱ्याच लहान गाड्यांत चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच आटे फिरवायचे. दोन्हीकडे खुणा कोरलेल्या असतात, त्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चेन व दात एका कडेनं झिजतात. नट पुन्हा नीट आवळायचे, पुन्हा एकदा ताण पाहायचा. चाक मागे सरकल्यामुळे मागचा ड्रम ब्रेक आवळला जातो, म्हणून ब्रेकचा नटही जुळवून घ्यायचा. हे विसरलं तर ब्रेक घासत राहतो. आणि चेन ताणायची म्हणजे वीणेची तार करायची नव्हे. गाडीवर वजन बसलं की चेन आणखी ताणली जाते. आपल्याकडे गाडीवर दोघं, मध्ये मूल आणि पुढे गहू दळायचा डबा असतो. आधीच घट्ट केलेली चेन त्या वजनाखाली बेअरिंग खाते.

तेल कोणतं? गॅरेजमध्ये जळकं ऑईल फासून देतात. फुकट असतं, पण त्यात इंजिनाची घाण असते. साध्या चेनला नव्वद नंबरचं गिअर ऑईल चालतं. आधी चेन रॉकेलनं किंवा क्लीनरनं ब्रशनं साफ करून पुसावी, पेट्रोलनं नाही. रेशनवरचं रॉकेल आता बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, तर नुसतं कोरड्या ब्रशनं आणि फडक्यानं पुसलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं. तेल चेनच्या आतल्या अंगाला द्यावं, म्हणजे चाक फिरताना ते बाहेर फेकलं जात सांध्यात शिरतं. वरून ओतलेलं तेल साडीला लागतं, बाकी काही करत नाही. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात त्याआधी.

रस्त्यात चेन उतरली तर गाडी ढकलत नेऊ नये. चेन चाकात अडकते. सैल होऊन उतरली असेल तर मागच्या स्प्रॉकेटवर थोडी चढवून चाक हळू हातानं फिरवल्यास ती बसते, बोटं दातांच्या वाटेत न ठेवता. कुठे घट्ट अडकली असेल तर जोर करू नये, आसाचा नट सैल करून सोडवावी. जोडाची क्लिप निघाली असेल आणि नवी जवळ असेल तर ती बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते तिकडे हवं. वरच्या चेनवर असताना पुढच्या चाकाकडे. तुटलेली चेन तारेनं बांधून जाऊ नये. ती इंजिनाचं कव्हर फोडू शकते, चाक जाम करू शकते. पुढचं स्प्रॉकेट काढणं, रिव्हेट केलेली चेन तोडणं ही कामं गॅरेजचीच आहेत. तिथे पैसे देण्यात कमीपणा नाही. आपण काय काम करायला सांगतो आहोत, ते कळलं पाहिजे, इतकंच.

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींची चेन डाव्या अंगाला असते. मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई त्याच अंगाला बसते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 नुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. कॉलेजातली पोरं गाडी "स्पोर्टी" दिसावी म्हणून ते काढून टाकतात, चेन कव्हरही काढतात. त्या गाडीवर मग आई बसते.

बायकांसाठी म्हणून ज्या गाड्या आल्या त्यांची कथा वेगळी. 1972 साली आलेल्या लूनाला पेडल होतं, त्याची चेन डोळ्यांसमोर होती. 1984 च्या कायनेटिक होंडापासून बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि 2001 च्या अ‍ॅक्टिव्हानंतर तर त्या घरोघरी गेल्या. त्यांच्यात चेनऐवजी बंद पेटीत पट्टा असतो. सोयीची गाडी आहे, तिनं लाखो मुलींना कॉलेजात पोचवलं, त्याबद्दल कुरकुर नाही. पण जी गाडी बाईसाठी केली ती सगळी झाकून दिली, आणि जी उघडी आहे ती पुरुषाची मानली गेली. खेड्यात कर्ज काढून घरात एकच गाडी येते आणि ती बहुधा गिअरची, चेनची येते. लायसन्सचंही तसंच. पुष्कळ मुलींना फक्त बिनगिअरच्या गाडीचा परवाना काढून दिला जातो. त्यावर घरची मोटरसायकल चालवणं कायद्यानं चालत नाही.

गॅरेजच्या दारात काय होतं ते प्रत्येकीनं अनुभवलं असेल. "ताई, तुम्ही सावलीत बसा, दादांना फोन लावून द्या." बिल मात्र ताईंनी द्यायचं. मी गॅरेजवाल्यांना खलनायक करत नाही. हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. दहा-बारा वर्षांचा, बहुतेकदा गरीब, दलित किंवा मुसलमान घरातला मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत, शिव्या खात ते शिकतो. तो बालमजुरीचाच प्रकार आहे आणि त्याचं कौतुक करता येत नाही. पण त्या रस्त्यावरही मुलीला प्रवेश नव्हता, आणि आयटीआयच्या रस्त्यावर तिला शिवणकामाकडे वळवलं गेलं. हात काळे होणं हे मुलाच्या बाबतीत कष्टाचं लक्षण आणि मुलीच्या बाबतीत लग्नाची अडचण, हे कुणी ठरवलं?

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "धुणी-भांडी आहेतच, आता त्याची चेनपण तीच पुसणार." हे होईल, काही घरांत झालंही आहे. म्हणून शिकवताना अट घालावी की जी चालवते तिनं तपासायचं, आणि जो चालवतो त्यानं आपली आपण पुसायची. शिबिरात गाडी न चालवणाऱ्या बाईला तेलाची बाटली देऊ नये. आधी चालवणं, मग दुरुस्ती. हा क्रम उलटला तर आपण तिला आणखी एक बिनपगारी काम लावून दिलेलं असेल.

असे प्रयत्न आपल्या चळवळीला नवे नाहीत. उत्तर प्रदेशच्या बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून दलित स्त्रिया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्यांना सवर्णांच्या पाण्याजवळ येऊ दिलं जात नव्हतं त्यांनीच पाना घेऊन पंप उघडला. तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत 1991-92 च्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या, आणि तिथेही अक्षरांइतकंच महत्त्व चाकाला दिलं गेलं. या दोन्ही ठिकाणी कुणी पापड लाटायला शिकवून सबलीकरण झालं म्हटलं नाही.

आमच्या तालुक्यात आम्ही दोन तासांचा वर्ग घेतो, पंधरा जणींहून जास्त नाहीत. उघड्यावर, मारुतीच्या पारावर नाही, शाळेच्या आवारात, कारण पारावर बघे जमतात आणि सल्ले सुरू होतात. लागतं ते असं: बसून काम करता येईल अशी सावली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, गाडीसोबत आलेले पाने (पुष्कळ गाड्यांतले हरवलेले असतात, तेव्हा आधी विचारून ठेवावं), जुना टूथब्रश, तीस सेंटिमीटरची पट्टी, नव्वद नंबरचं ऑईल. शिकवणारी शक्यतो बाई असावी. नसेल तर गॅरेजवाल्याला बोलवावं, पण पाना त्याच्या हातात पाच मिनिटांहून जास्त ठेवू नये. प्रत्येकीनं स्वतः नट ढिला करून पुन्हा आवळला पाहिजे. पहिल्यांदा बहुतेकींचा जोर पुरत नाही. पान्याच्या टोकाला धरलं की पुरतो.

एक गोष्ट मात्र आधीपासून जमवून ठेवावी. गॅरेजमध्ये काढून टाकलेल्या चेन आणि स्प्रॉकेट भंगारात जातात. एक झिजलेला संच मागून आणावा, देतात. एक नवं स्प्रॉकेट दुकानदाराकडून दाखवण्यापुरतं उसनं घ्यावं. दोन्ही शेजारी ठेवून वाकलेल्या दातावरून बोट फिरवू द्यावं. आमच्याकडे तो जुना संच आता हळदीकुंकवाच्या ताटाशेजारच्या फडताळात असतो, आणि ज्या गटांना हवा त्यांनी कळवलं तर पुढच्या बैठकीला कुणाबरोबर तरी पाठवून देऊ.